चाळीसचा चौकोन

आमच्या कॉलेजात केस कापून मिळतात. गुरुवारी दुपारचं जेवण मिळतं, सूपपासून गोडापर्यंत. वाढायला शिकणाऱ्या मुलाच्या हातून सूप सांडलं तर तुमच्यापेक्षा तोच जास्त घाबरतो. सायकलचं वाकडं चाक सरळ करून मिळतं. वरच्या मजल्यावर दवाखान्यासारख्या खाटा मांडल्या आहेत. त्यांवर रबराच्या बाहुल्या झोपलेल्या असतात आणि मुली त्यांना पाठ पुसायला, कूस बदलायला शिकतात. तळमजल्यावर मागच्या बाजूला धातुकामाची कार्यशाळा आहे. तिथे मी पंचवीसहून जास्त वर्षं काढली.

इथल्या डच मुलखात, आइंडहोवनमधल्या आपल्या गणपतीत लोक विचारायचे, "काका, तुम्ही काय करता?" मी म्हणायचो, कॉलेजात शिकवतो. "वा! प्रोफेसर?" मी म्हणायचो, नाही हो, आपल्याकडच्या आयटीआयसारखं कॉलेज, तिथे फिटर. मग समोरचा माणूस "अच्छा अच्छा" म्हणून मोदकाकडे वळायचा. पहिली काही वर्षं मला राग यायचा. नंतर मीही मोदकाकडे वळायला शिकलो.

परक्या माणसाला एकदा समजावून सांगतो. इथे बारा वर्षांच्या मुलाला शाळा सांगते, तू या वाटेने जा. एक वाट युनिव्हर्सिटीकडे जाते, आणि एक आमच्याकडे. आमच्याकडे येणाऱ्या वाटेचं नाव काढलं की आपल्या मराठी आईबापांचे चेहरे उतरतात. पण आमच्या कॉलेजाची गंमत अशी की त्याला मागचं दारही आहे. सोळाव्या वर्षी येता येतं, तसं पन्नासाव्या वर्षीही येता येतं. चार पायऱ्या आहेत. अगदी पहिली, ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी. चौथी चढलात तर पुढे इंजिनियर व्हायलाही वाट मोकळी. आणि हवं तर आठवड्यातले चार दिवस कंपनीत पगारावर काम करायचं, एक दिवस आमच्याकडे शिकायला यायचं. माझ्या हाताखाली कीस नावाचा ट्रकड्रायव्हर होता. पाठ गेली म्हणून ट्रक सुटला, आणि बावन्नाव्या वर्षी तो माझ्यापुढे पाटी कोरी करून बसला. मशीनला घाबरायचा नाही, पण अपूर्णांक दिसले की बाथरूमला पळायचा. त्याला मी भाकरीचे तुकडे करून अपूर्णांक शिकवले. त्याने पास झाल्यावर मला काय द्यावं? ट्रकचा भोंगा. अजून गॅरेजमध्ये पडला आहे.

मी स्वतः त्या कॉलेजात आधी विद्यार्थी म्हणून शिरलो. मिरजेच्या आयटीआयमध्ये मी शिल्पनिदेशक होतो, म्हणजे फिटरची पोरं घडवणारा मास्तर. सुनंदाला, माझ्या बायकोला, इथे संशोधनाची नोकरी लागली, तेव्हा मी अडतिसाचा. आलो तिच्या व्हिसाच्या शेपटाला धरून. पहिलं दीड वर्ष घरात बसून कणीक मळली. खोटं नाही सांगत, दुपारी तीन वाजले की रडू यायचं, कारण मिरजेत तीन वाजता माझी दुसरी बॅच सुरू व्हायची. मग सुनंदानेच संध्याकाळच्या डच वर्गाला नाव घातलं. तो वर्ग कार्यशाळेच्या वर भरायचा. खालून लोखंडावर कानस चालल्याचा आवाज यायचा आणि माझं क्रियापदांवरचं लक्ष उडायचं. शेवटी एके दिवशी जिना उतरून खाली गेलो आणि मोडक्या भाषेत म्हणालो, "तुमचा मुलगा कानस उलटी धरतोय." तिथून सुरुवात. आधी मदतनीस, मग निदेशकाचा दाखला, मग टेबल.

त्या टेबलावर माझा चौकोन असायचा. चाळीस मिलिमीटर बाय चाळीस, दहा जाडीचा पोलादी तुकडा. मिरजेत अंतिम परीक्षेत मी कानशीने घासून केलेला माझा जॉब, म्हणजे परीक्षेचं काम. तेलाचं बोट फिरवून जपलेला, कागद उडू नयेत म्हणून वर ठेवलेला. फिटरकी यापासून सुरू होते. ओबडधोबड तुकडा घ्यायचा आणि नुसत्या हाताने घासत घासत तो ठरल्या मापाला आणायचा. काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडासमोर धरायचा. कडेखालून उजेड दिसला की काम बाकी. मापात सूट किती? मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यातले चार इकडे, चार तिकडे. संगणकाच्या मशीनवर हे चुटकीसरशी होतं, मग हाताने कशाला, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. अहो, हाताला लोखंड कळलं नाही तर मशीनचं बटण दाबून काय कळणार? मी हट्टाने पहिल्या वर्षाला ती चाचणी ठेवायला लावली.

आणि नव्या बॅचला मी त्या चौकोनाची गोष्ट सांगायचो. परीक्षेला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांचा चष्मा एसटीत राहिला. माप घ्यायचा मायक्रोमीटर डोळ्याजवळ नेतात, लांब नेतात, काही दिसेना. शेवटी आमचे पाटील सर पुढे झाले. "द्या साहेब, मी वाचतो, तुम्ही लिहा." मी त्या महिन्यात काविळीतून उठलो होतो, तीन आठवडे वर्ग बुडालेला, उभं राहवत नव्हतं. पाटील सरांनी ठणठणीत आवाजात वाचलं, "चाळीस पॉइंट झिरो दोन!" साहेबांनी लिहिलं. पोरं हसायची. मी म्हणायचो, बघा, काविळीतही झिरो दोन! तुम्हाला तर साधी सर्दीसुद्धा नाही.

वैशाली आली तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती. नाशिकची, बी.कॉम. नवरा निखिल चिपच्या मशीनच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलगी शाळेत जाणारी. आईने मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देणारी. वैशाली गावातल्या आमच्या केस कापण्याच्या वर्गात गिऱ्हाईक म्हणून यायची. परतताना चुकून मागच्या दाराने निघाली आणि कार्यशाळेच्या काचेशी उभी राहिली. मी बाहेर गेलो.

"हे शिकता येतं?" तिने इंग्रजीत विचारलं.

"येतं की," मी मराठीत म्हणालो.

ती अशी दचकली की तिच्या हातातली छत्री पडली.

लोक हसले तिला. मंडळातल्या बायका म्हणाल्या, अगं वेब डिझाइन कर, बेकिंग कर, घरबसल्या काहीतरी. निखिल म्हणाला, नखांत तेल जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. सतरा वर्षांच्या दांडग्या पोरांमध्ये ही एकटी बाई, आणि महिन्याभरात त्यांच्यापेक्षा सरळ घासायला लागली. रोट्या लाटलेला हात आहे, दाब सारखा पडतो, हे मी तिला म्हटलं तर म्हणाली, "सर, रोट्या निखिल लाटतो. मला येत नाहीत." आपटलो मी तोंडावर.

सर. हा शब्द नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. इथे कोणी कोणाला सर म्हणत नाही. सतरा वर्षांचं पोरगं मला लांबून हाक मारतं, "दत्ता!" प्राचार्यांनाही नावाने. त्यात गैर काही नाही, त्यांची रीत आहे. मीही सरावलो होतो. पण वैशाली "सर" म्हणायची. डच वाक्य बोलायची आणि शेवटी "सर" जोडायची. इतक्या वर्षांनी तो शब्द कानावर आला आणि मला मिरजेची कार्यशाळा, पत्र्याचं छप्पर, खाकी कपड्यातली चाळीस पोरं, सगळं एकदम परत मिळालं. मी घरी जाऊन सुनंदाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हातारा पाघळला."

चाचणीचा दिवस आला. चाचणीला दोघे जण असतात. एक आम्ही, एक कंपनीचा माणूस. तो वीम नावाचा जुना फोरमन होता. त्याच्या कंपनीत एक जागा होती आणि तो उघड म्हणाला होता, वैशाली पास झाली तर जागा तिची. नापास झाली तर सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी, पण जागा तोवर थांबणार नाही. मी मापून वाचायचं, वीमने लिहायचं, अशी आमची रीत.

वैशालीने जॉब दिला. मी मायक्रोमीटर लावला. चाळीस पॉइंट झिरो सात. सूट झिरो चारची. पुन्हा लावला. झिरो सातच. गुण्या लावला तर उजेडाची रेघसुद्धा नाही, इतकं सुंदर काम. नुसते वरचे तीन शतांश उतरवायचे राहिले होते, वेळ संपली म्हणून. तुमच्या डोक्याच्या केसाच्या निम्मेसुद्धा नाही.

मी वाचलं, "चाळीस पॉइंट झिरो तीन."

वीमने लिहिलं. इतकं सोपं होतं ते. मला त्या क्षणी पाप वाटलंच नाही. आपल्याकडे पस्तीसला दोन कमी पडले तर कोण पोराचं वर्ष घालवतो? ग्रेस द्यायचा आणि विसरायचं. आणि ती आपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची पोरं यायच्या आत ती कार्यशाळेत आली. कोटसुद्धा काढला नव्हता.

"सर, माझा जॉब झिरो सात होता. देण्याआधी मी तीनदा मोजला होता."

"अगं, तीन शतांशाने काय आभाळ कोसळतंय? कंपनीत गेल्यावर..."

"तुम्ही झिरो तीन वाचलंत."

"वैशाली, जागा गेली असती ना."

"गेली असती तर गेली असती!" तिचा आवाज चढला. मग खाली आला. "सर, इथे माझं काय आहे? व्हिसा निखिलचा. घर निखिलच्या पगारावर. डॉक्टरला फोन करायचा तर भाषा माझ्या मुलीची. ही एक गोष्ट मी माझी करणार होते. ती तुम्ही मला देऊन टाकलीत. मला दिलेलं नको होतं हो. कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

दीड वर्ष कणीक मळलेला माणूस मी. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी मला कळायला हवं होतं.

"आता वीमला तुम्ही सांगता का मी सांगू?" तिने विचारलं.

"मी सांगतो," मी म्हणालो.

आणि नाही सांगितलं. सोमवारी सांगू, मंगळवारी सांगू. पाय निघेना. इतक्या वर्षांचं नाव होतं माझं. बुधवारी ती स्वतः परीक्षा समितीकडे गेली. मला बोलावणं आलं. वीम तिथेच बसला होता. तो रागावला नाही, नुसतं म्हणाला, "दत्ता, मी तू सांगितलंस ते लिहिलं." मला ते जास्त लागलं. समितीने वर्षभर मला परीक्षेपासून दूर ठेवलं. जागा दुसऱ्याला गेली. सहा आठवड्यांनी वैशालीने दुसऱ्या निदेशकापुढे चाचणी दिली. चाळीसला दोन शतांश कमी, म्हणजे चारच्या आत. पास. पुढचे आठ महिने वेगळ्या गावात बसने जाऊन काम केलं, तेव्हा कुठे वीमच्या कंपनीत पुन्हा जागा निघाली.

त्या बुधवारनंतर मी तिच्यासाठी दत्ता झालो. "दत्ता, हा ड्रिल कुठे ठेवू?" स्वच्छ डचमध्ये, बाकीच्या पोरांसारखं. उद्धटपणा नाही, राग नाही. दोन वर्षं ती आमच्याकडे होती, दर मंगळवारी. दर मंगळवारी मी कान देऊन असायचो. गणपतीत तिने माझ्यापुढे प्रसादाची वाटी धरली आणि म्हणाली, "घ्या." आधी काही नाही, नंतर काही नाही. नुसतं घ्या. मी माफी मागितली नव्हती असं नाही. मागितली, दोनदा. ती म्हणाली, "ठीक आहे, दत्ता." ते ठीक नव्हतं हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. सुनंदा म्हणायची, एका शब्दासाठी काय झुरतोस! खरं आहे, झुरलो. ती शिकून गेली, त्यालाही चार वर्षं झाली, तरी काचेशी कोणी उभं राहिलं की मी वर बघायचो.

गेल्या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो. माझी शेवटची चाचणी जूनमध्ये होती. वीम निवृत्त होऊन घरी बसला होता, म्हणून कंपनीने नवा माणूस पाठवला. दार उघडून आत आली ती वैशाली. केस आखूड, खिशात स्वतःचा मायक्रोमीटर. हस्तांदोलन केलं. "दाग, दत्ता." नमस्काराचं डच, बाकी तेच.

आता नियम बदलला आहे. दोघांनीही मोजायचं, दोघांनीही लिहायचं. हा नियम कुणामुळे आला ते मला सांगायला नको. सकाळभर आम्ही समोरासमोर बसून मोजत होतो. एक गोड चेहऱ्याची मुलगी पाच शतांशांवर आली. वैशालीने तिला सांगितलं, "नापास. काम चांगलं आहे. सहा आठवड्यांनी ये." मुलगी रडली. वैशालीने तिला रडू दिलं, कागदी रुमाल पुढे सरकवला आणि आकडा बदलला नाही.

मग कॉफीची सुट्टी झाली. मी दोन कप घेऊन आलो तर तिने माझा चौकोन हातात घेतला होता. कापडाने पुसला आणि सवयीने मायक्रोमीटर लावला. पुन्हा फिरवून लावला. मग चार बाजूंनी लावला.

"हा कोणी मोजला होता?" तिने विचारलं. मराठीत. सहा वर्षांत त्या 'घ्या'शिवाय पहिल्यांदाच.

मी खूश होऊन नेहमीची गोष्ट सुरू केली. एसटीत राहिलेला चष्मा, पाटील सर, द्या साहेब मी वाचतो, काविळीतही झिरो दोन. या ठिकाणी सगळे हसतात. ती हसली नाही. तिने मायक्रोमीटर न हलवता माझ्या हातात दिला.

चाळीस पॉइंट झिरो नऊ.

मी चष्मा पुसला. झिरो नऊच. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. शेकडो पोरांना सांगितली आणि एकदाही तो तुकडा मोजला नाही. कशाला मोजायचा? पाटील सरांनी वाचला होता ना! त्यांचा तो ठणठणीत आवाज मला पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी कळलं की ते इतक्या मोठ्याने कधीच बोलत नसत. साहेबांना ऐकू जावं म्हणून नव्हे, मी नापास होऊ नये म्हणून तो खोटा आकडा ते ओरडले होते.

खुर्चीवर बसलो. कप हातात तसाच. दाखला, मिरजेची नोकरी, इथलं टेबल, सगळं त्या एका आकड्यावर उभं. पाटील सर जाऊन वीस वर्षं झाली. आता विचारायचं कुणाला? आभार मानायचे की भांडायचं, तेही कळेना. वैशाली त्या सकाळी अशीच उभी होती माझ्यापुढे, कोट न काढता. तिला काय वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. सहा वर्षं उशिरा. मी तिला तसं म्हणालो.

मग तिने माझ्या हातातला कप घेऊन बाजूला ठेवला.

"जास्तच आहे ना?" ती म्हणाली. "कमी नाही."

हे माझंच वाक्य. पहिल्याच दिवशी पोरांना सांगतो मी. कमी झालं की जॉब गेला, लोखंड परत चिकटत नाही. जास्त असेल तर अजून तुमच्या हातात आहे.

कडेचा व्हाइस, म्हणजे तुकडा घट्ट धरणारा शिकंजा, रिकामा होता. तिने चौकोन त्यात बसवला, जबड्यांना पितळेचे पत्रे लावले, ओरखडा उठू नये म्हणून, मीच शिकवलेलं. भिंतीवरची बारीक कानस काढून मुठीकडून माझ्यापुढे धरली. सदुसष्ट वर्षांचा माणूस, खांदा धरलेला, पण पाय आपोआप जागेवर गेले. डावा पुढे. दाब देत पुढे, सोडत मागे. पाच-सात हात मारले असतील. घाम फुटला. पोरं कॉफी टाकून भोवती जमली. मी ब्रशने लोखंडाचा कीस झटकला, गुण्या लावून उजेडाकडे धरला. उजेड नाही.

मी चौकोन वैशालीकडे दिला. तिने शांतपणे मोजला. वाचायच्या आधी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, आता ही काहीही वाचू शकते.

"चाळीस पॉइंट झिरो सहा," ती म्हणाली. "नापास. घासा, सर."